नव्या पीसीसाठी रॅम कशी निवडावी: पहिल्यांदाच असेंबल करणाऱ्यांसाठी

दुकानात जाऊन "सोळा जीबीची रॅम द्या" म्हटलं की जाणता दुकानदार आधी विचारतो, "मदरबोर्ड कोणता?" मुंबईत लॅमिंग्टन रोडला उभं राहून खरेदी केली तर हा प्रश्न बहुतेक वेळा कानावर पडतोच. ऑनलाइन घेताना मात्र तो कुणीच विचारत नाही. पैसे भरले की पार्सल येतं, आणि रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, बोर्डाच्या स्लॉटमध्ये बसत नाही हे घरी कॅबिनेट उघडल्यावर कळतं. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव इतके चढले की चुकीची स्टिक घेणं आता कुणालाच परवडण्यासारखं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी काय काय तपासायचं ते इथे क्रमाने लिहितो. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं.

उदाहरणासाठी दोन पीसी डोळ्यांसमोर ठेवू. पहिला नवाकोरा: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड. दुसरा बेताच्या बजेटमधला: इंटेल कोअर आय५ १२४०० आणि बी६६० बोर्ड.

पायरी १: पिढी ठरवा

सध्या बाजारात रॅमच्या मुख्यतः दोन पिढ्या विकल्या जातात, डीडीआर४ आणि डीडीआर५. दोन्हींच्या डेस्कटॉप स्टिकला २८८ पिना असतात, लांबीही तीच, त्यामुळे फोटोत त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ची स्टिक डीडीआर५च्या स्लॉटमध्ये जात नाही, आणि जोर लावून घालू नये. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर४ला मूळ १.२ व्होल्ट, डीडीआर५ला १.१. शिवाय डीडीआर५मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते, डीडीआर४मध्ये ते काम बोर्ड करतो. त्यामुळे कुठलाही अडॅप्टर लावून एकीची दुसरी करता येत नाही.

पिढी ठरते ती प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यावरून. एएमडीचं गणित सोपं आहे: एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) म्हणजे डीडीआर४, एएम५ सॉकेट म्हणजे डीडीआर५. मधला पर्याय नाही. आपला रायझन ५ ७६०० एएम५चा आहे, म्हणजे डीडीआर५वर शिक्कामोर्तब.

इंटेलकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे कोअर प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटमध्ये बसतात आणि ते दोन्ही प्रकारची मेमरी चालवतात. पण बोर्ड सहसा एकच प्रकार घेतो. एकाच कंपनीचा, जवळजवळ त्याच नावाचा बी६६० किंवा बी७६० बोर्ड दोन आवृत्त्यांत मिळतो, एक डीडीआर४चा आणि दुसरा डीडीआर५चा. पुष्कळदा नावाच्या शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' एवढाच फरक असतो. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात. प्रोसेसरच्या पानावर 'डीडीआर५ सपोर्ट' वाचतात, तशी रॅम मागवतात, आणि हातात बोर्ड येतो तो डीडीआर४चा. आपल्या आय५ १२४००साठी बोर्डाचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नावाचं पान उघडून मेमरीची ओळ वाचा. इंटेलची त्यानंतरची कोअर अल्ट्रा २०० मालिका, एलजीए१८५१ सॉकेटची, फक्त डीडीआर५ घेते.

पायरी २: डेस्कटॉपचीच स्टिक आहे ना, हे बघा

लॅपटॉपची रॅम आखूड असते, तिला एसओ-डीम म्हणतात. डेस्कटॉपला लागते ती लांब, यू-डीम. ऑनलाइन यादीत दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि आखूड स्टिक थोडी स्वस्त दिसली की बोट तिकडे जातं. नावात 'लॅपटॉप' किंवा 'एसओ-डीम' असेल तर ती सोडून पुढे जा.

दुसरा धोका जुन्या सर्व्हरच्या रॅमचा. जुन्या मालाच्या बाजारात ३२ जीबीची डीडीआर४ स्टिक आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त मिळते. लेबलवर 'ईसीसी रजिस्टर्ड' किंवा 'आरडीम' असं काही असतं. ही स्टिक साध्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये खट्‌कन बसते, पण पीसी सुरू होत नाही. रजिस्टर्ड मेमरी सर्व्हर आणि वर्कस्टेशनच्या बोर्डांसाठीच असते. घरच्या पीसीसाठी ती घेऊ नका, विकणारा कितीही खात्री देवो.

पायरी ३: किती जीबी, आणि किती स्टिक

ऑफिसचं काम, अभ्यास, ब्राउझर, थोडं गेमिंग यांना १६ जीबी पुरते. नवे मोठे गेम, फोटो आणि व्हिडिओ एडिटिंग, प्रोग्रॅमिंगसाठी व्हर्च्युअल मशीन असं काही करणार असाल तर ३२ जीबी घ्या. त्याहून जास्त लागणाऱ्याला आपल्याला का लागते हे माहीत असतंच. ८ जीबीवर नवा पीसी आता उभा करू नये असं माझं ठाम मत आहे. ब्राउझरचे टॅब आणि विंडोज मिळूनच ती संपत येते, आणि मग एसएसडीवर ताण पडतो.

स्टिक दोन घ्या, एक नको. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनल असतात. रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या दोन खिडक्या उघड्या असाव्यात तसं हे. एकच स्टिक लावली की एक खिडकी बंद राहते. आकड्यांत सांगायचं तर डीडीआर४-३२००ची (३२०० हा तिचा वेग, खुलासा पायरी ४मध्ये) एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा वाहून नेते, दोन चॅनलवर दोन स्टिक मिळून ५१.२ जीबी. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर हा फरक काही कामांत कमी जाणवतो. पण रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरवर, जिथे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरायचं असतं, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून वाटा घेतं. अशा पीसीत एक १६ जीबीची स्टिक लावणं म्हणजे ज्या कामासाठी तो प्रोसेसर घेतला तेच अडवणं.

डीडीआर५मध्ये ८ जीबीच्या स्टिक टाळा. त्यांच्यावर चिपा कमी आणि वेगळ्या मांडणीच्या असतात, त्यामुळे त्या १६ जीबीच्या स्टिकपेक्षा कामात मागे पडतात. म्हणजे डीडीआर५ घेताना १६ अधिक १६ हीच खरी सुरुवात. भाव आवाक्याबाहेर असेल तर एएम४ आणि डीडीआर४वर ८ अधिक ८ हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो.

मग चार स्लॉट आहेत तर चार स्टिक का नकोत? कारण चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर (रॅमशी देवाणघेवाण करणाऱ्या भागावर) ओझं वाढतं आणि वेग खाली येतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार स्टिकला ३६००. एवढी मोठी घट फक्त जास्त स्लॉट भरल्यामुळे. तेव्हा ३२ हवी असेल तर दोन सोळाच्या, ६४ हवी असेल तर दोन बत्तीसच्या.

आणि त्या दोन्ही एकाच पाकिटातल्या. दोन सुट्या स्टिक आणि दोन स्टिकचं किट यांत फरक आहे. किटमधल्या स्टिक कंपनीने एकत्र चालवून पाहिलेल्या असतात. "आज एक घेतो, पगार झाला की तशीच दुसरी घेईन" हा विचार समजण्यासारखा आहे, पण सहा महिन्यांनी त्याच नावाच्या पाकिटात आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात. मेमरीच्या चिपा प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. पाकिटावर नाव असलेली कंपनी काळानुसार यांपैकी कुणाच्याही चिपा वापरते, नाव तेच ठेवून. मिसळलेल्या स्टिक बऱ्याचदा चालतात, डीडीआर४वर तर सर्रास. पण वेग कमी करावा लागणं, मध्येच पीसी गोठणं हे प्रकार तिथूनच सुरू होतात. थोडं थांबून पूर्ण किट घेणं परवडतं.

पायरी ४: वेग आणि लेटन्सी

इथे जाहिरातींचा गोंगाट सर्वांत जास्त आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

लेबलवर ३२००, ३६००, ५६००, ६००० असे आकडे असतात. दुकानात त्यांना मेगाहर्ट्झ म्हणतात. नेमकं बोलायचं तर तो सेकंदाला होणाऱ्या डेटाच्या देवाणघेवाणीचा आकडा आहे आणि घड्याळ त्याच्या निम्म्याने चालतं. म्हणून सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३२००ची रॅम १६०० दाखवते. रॅम खोटी नाही, घाबरू नका.

दुसरा आकडा सीएल, म्हणजे लेटन्सी: मागणी केल्यापासून डेटा निघेपर्यंतची वाट, घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेली. ठोकेच लहानमोठे असल्याने नुसत्या सीएलची तुलना करून उपयोग नाही. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल१६चं उत्तर १० येतं. ६००० सीएल३०चंही १०. ६००० सीएल३६चं १२, आणि ५६०० सीएल४६चं साधारण १६.४. म्हणजे सीएल३० पाहून 'सोळापेक्षा दुप्पट मंद' असं समजायचं कारण नाही. दोन किटांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर हा हिशेब करून कमी उत्तराचं किट उचला.

आता वरची मर्यादा. रायझन ७०००साठी ६००० हा वेग सोयीचा आहे, कारण त्या वेगापर्यंत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मेमरी एकाच घड्याळावर चालतात. त्याच्या फार वर गेलं की कंट्रोलर निम्म्या घड्याळावर येतो आणि मोठ्या आकड्याचा फायदा हातातून जातो. आपल्या पहिल्या पीसीला ६००० सीएल३० किंवा सीएल३६, १६ अधिक १६. ७२००च्या किटवर जादा पैसे घालू नका, ते एसएसडीवर घाला. एएम४वर ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८, दोन्हींचं उत्तर १०च येतं. जे स्वस्त ते घ्या.

इंटेलकडे चिपसेटही बघावा लागतो. एच६१०सारख्या सर्वांत स्वस्त बोर्डांवर अधिकृत वेगाच्या वर जाता येत नाही, तिथे डीडीआर४ ३२००वर थांबते. महागडी ३६००ची स्टिक लावली तरी चालेल ३२००वरच. आपल्या दुसऱ्या पीसीत बी६६० आहे, त्यावर वेग वाढवता येतो. तरीही आय५ १२४००सोबत डीडीआर४चा बोर्ड असेल तर मी ३२०० सीएल१६च घेईन.

पायरी ५: मॉडेल नंबर वाचायला शिका

ही सवय एकदा लागली की चुकीचं पाकीट हातात येत नाही. कॉर्सेअरचं एक गाजलेलं किट बघा: सीएमके१६जीएक्स४एम२बी३२००सी१६. सुरुवातीचं सीएमके म्हणजे व्हेंजन्स एलपीएक्स ही मालिका. १६जी म्हणजे एकूण १६ जीबी. एक्स४ म्हणजे डीडीआर४. एम२ म्हणजे दोन स्टिक, म्हणजेच ८ अधिक ८. शेवटी ३२०० हा वेग आणि सी१६ हे सीएल. एम२च्या जागी एम१ असेल तर पाकिटात एकच १६ जीबीची स्टिक आहे.

किंग्स्टनचं असं: केएफ५६०सी३६बीबीईके२-३२. केएफ५ म्हणजे फ्युरी, डीडीआर५. त्यापुढचे ६० म्हणजे ६०००. सी३६ हे सीएल. बीबी म्हणजे बीस्ट मालिका, काळा रंग. ई म्हणजे एक्स्पो, त्याचा खुलासा पुढे येतोच. के२ दोन स्टिकचं किट, आणि ३२ एकूण जीबी. दुकानदाराने बिलावर हाच पूर्ण नंबर लिहायला हवा. नुसतं '३२ जीबी डीडीआर५' लिहिलेलं बिल घेऊ नका, वॉरंटीच्या वेळी ते कामाला येत नाही. जीएसटीचं बिल आणि स्टिकवरचा सिरियल नंबर, दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

पायरी ६: बोर्डाची यादी बघा

प्रत्येक बोर्डाच्या सपोर्ट पानावर चाचणी केलेल्या मेमरीची यादी असते, तिला क्यूव्हीएल म्हणतात. तुमच्या किटचा पूर्ण नंबर त्यात सापडला तर निर्धास्त व्हा. नाही सापडला म्हणून ती चालणार नाही असं नव्हे, कारण कंपन्या सगळीच किट तपासत नाहीत. उलटही करता येतं: रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाचं नाव टाकून बघा. डीडीआर५ आणि मोठा वेग असेल तर ही पायरी टाळू नका. डीडीआर४ ३२००साठी मी तिच्यावर फार वेळ घालवत नाही.

यादी प्रोसेसरच्या मालिकेनुसार वेगळी असते, तेव्हा आपली मालिका निवडली आहे का तेवढं बघा.

पायरी ७: उंची

दिव्यांच्या स्टिक उंच असतात आणि मोठा एअर कूलर स्लॉटवर झुकतो. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ला दोन्ही पंखे लावले तर खाली ३२ मिलिमीटर उंचीचीच स्टिक मावते, आणि दिव्यांच्या बऱ्याच स्टिक ४० मिलिमीटरच्या वर जातात. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर किंवा लिक्विड कूलर असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

पायरी ८: बसवताना

वीज बंद करा, केबल काढा, आणि एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) किंवा कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. मॅन्युअलमध्ये आकृती असते, तिच्याशी पडताळा. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि पायरी ३ची सगळी मेहनत पाण्यात.

स्लॉटच्या कडेचे क्लिप उघडा. काही बोर्डांवर एकाच बाजूचा क्लिप उघडतो, दुसरी बाजू पक्की असते. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा. मग दोन्ही अंगठे स्टिकच्या दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा, आधी एक टोक, मग दुसरं. नवख्याला वाटतं त्यापेक्षा बराच जोर लागतो आणि बोर्ड किंचित वाकल्यासारखा दिसतो. 'टक्' आवाज येऊन क्लिप आपोआप आत वळला की बसली. बाजूने डोळा लावून पाहा: सोनेरी पिनांची रेघ दोन्ही टोकांना सारखी झाकली गेली पाहिजे. एका टोकाला रेघ दिसत असेल तर स्टिक अर्धवट बसली आहे. पीसी सुरू होत नाही म्हणून परत केलेल्या कित्येक रॅममध्ये दोष एवढाच असतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर एएम५च्या बोर्डावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. पंखे फिरतात, बोर्डावर मेमरीचा छोटा दिवा लागतो, बाकी काही नाही. त्या वेळात बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. बटण दाबून बंद करू नका, चहा करून या. दहा-पंधरा मिनिटांनीही काही झालं नाही तर एकच स्टिक ए२मध्ये ठेवून बघा, मग दुसरी.

पायरी ९: प्रोफाइल चालू करा आणि तपासा

६०००ची रॅम लावली म्हणून ती ६०००वर चालत नाही. पहिल्यांदा ती सुरक्षित मूळ वेगावर सुरू होते, डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा ५६००वर, डीडीआर४ २१३३ ते ३२००च्या दरम्यान. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन प्रोफाइल, म्हणजे रॅममध्येच साठवलेलं पूर्ण वेगाचं तयार सेटिंग, चालू करावं लागतं. इंटेलच्या प्रोफाइलचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ प्रोफाइलचं एक्स्पो. एएम५साठी किट घेताना एक्स्पो असलेलं घ्या, म्हणजे सेटिंग एका क्लिकवर होतं. या पायरीआधी बायोस अपडेट करा, विशेषतः एएम५वर. २०२३मध्ये नावात एक्स३डी असलेले काही रायझन प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजमुळे (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजमुळे) जळाले, त्यानंतर नव्या बायोसमध्ये ते व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखलं गेलं.

विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. वेग आणि भरलेले स्लॉट तिथे दिसतात. चॅनल सीपीयू-झेडमध्ये बघा. डीडीआर५ची प्रत्येक स्टिक आतून दोन ३२ बिट भागांत विभागलेली असल्याने दोन स्टिकला तिथे '४ × ३२ बिट' असं दिसू शकतं, ते बरोबरच आहे.

शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही एरर चालत नाही, 'फक्त एकच आली' म्हणून सोडून देऊ नका. एरर आली तर प्रोफाइल बंद करून मूळ वेगावर पुन्हा चालवा. तिथे स्वच्छ निघाली तर वेग एक पायरी खाली आणून बघा. मूळ वेगावरही एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, आणि एखादी खराब निघाली तरी बदलायला पूर्ण किटच न्या. हे सगळं दुकानाची किंवा साइटची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी उरकायला हवं, म्हणून पार्सल आल्या दिवसापासून कामाला लागा.